व्यवसायातील मेघ संगणन

मेघ संगणन किंवा क्लाउड कम्प्युटिंग म्हणजे संगणकीय प्रक्रिया, साठवण आणि सॉफ्टवेअर ही साधने स्वतः विकत न घेता इंटरनेटवरून गरजेपुरती भाड्याने वापरण्याची पद्धत होय. वीजमंडळाकडून घेतलेल्या विजेचे देयक जसे मीटरवरील वापरानुसार येते, तसेच येथे संगणकीय शक्तीचे देयक वापरलेल्या तासांवर, साठवलेल्या माहितीच्या आकारावर आणि जाळ्यावरून वाहून नेलेल्या माहितीवर ठरते. इ.स. २००६ नंतर या पद्धतीचा व्यावसायिक प्रसार झाला. बँका, कारखाने, रुग्णालये, शासकीय कार्यालये आणि किरकोळ दुकाने यांच्या रोजच्या कामकाजाचा मोठा भाग आता तिच्यावर चालतो.

या बदलाला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. एकाच यंत्रातून अनेक ग्राहकांना सुरक्षितपणे वेगवेगळी सेवा देण्याचे तंत्र, ही पहिली. दूरवरचे यंत्र शेजारच्या खोलीत असल्यासारखे वापरता यावे इतकी वेगवान दूरसंचार जाळी, ही दुसरी. या पद्धतीमुळे व्यवसायांचा भांडवली खर्च कमी झाला आणि लहान संस्थांनाही मोठ्यांच्या तोडीची साधने मिळाली. त्याचबरोबर व्यवसायाचे मर्मस्थान असलेली माहिती दुसऱ्याच्या जागेत, काही वेळा दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली गेल्याने अवलंबित्वाचा नवा प्रश्नही निर्माण झाला.

संज्ञा

दूरसंचार अभियंते जाळ्यांच्या आकृत्या काढताना आपल्या अखत्यारीबाहेरचा भाग ढगाच्या आकाराने दाखवीत असत. त्या ढगात नेमकी कोणती यंत्रे आहेत, हे आकृती पाहणाऱ्याला माहीत असण्याची गरज नसे. या संकेतावरून ‘क्लाउड’ हे नाव रूढ झाले. कॉम्पॅक या संगणक कंपनीच्या १९९६ सालच्या अंतर्गत दस्तऐवजात ‘क्लाउड कम्प्युटिंग’ हा शब्दप्रयोग आढळतो. ऑगस्ट २००६ मध्ये गुगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांनी एका परिषदेत तो वापरला आणि त्यानंतर तो सर्वतोमुखी झाला. मराठीत ‘मेघ संगणन’ हा प्रतिशब्द लिखाणात आढळतो, तर व्यवहारात ‘क्लाउड’ हाच शब्द अधिक चालतो.

नावामुळे माहिती हवेत तरंगत असल्याचा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ती डेटा सेंटर नावाच्या इमारतींत, रांगांनी मांडलेल्या सर्व्हरवर साठवलेली असते. या इमारतींना अखंड वीजपुरवठा, शीतकरण यंत्रणा, अग्निसुरक्षा आणि एकाहून अधिक दिशांनी आलेले प्रकाशतंतू लागतात.

पार्श्वभूमी

साधन स्वतःकडे बाळगण्याऐवजी सामाईक स्रोतातून घेण्याची कल्पना संगणकाआधीची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील कापडगिरण्या स्वतःच्या बॉयलरवर आणि वाफेच्या इंजिनावर चालत. लोणावळा परिसरातील तलावांच्या पाण्यावर चालणारे टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि गिरण्या हळूहळू बाहेरून येणाऱ्या विजेकडे वळल्या. ऊर्जा निर्माण करणे हा गिरणीच्या कामाचा भाग उरला नाही, मात्र घाटातून येणाऱ्या तारेवर तिचे चालणे अवलंबून राहू लागले.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दी समारंभात अशीच कल्पना संगणकाबाबत मांडली. टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा बनू शकेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच संस्थेत तेव्हा ‘टाइम शेअरिंग’, म्हणजे एका संगणकाचा वेळ अनेक वापरकर्त्यांत वाटून देण्याची पद्धत विकसित होत होती. त्या काळी संगणक इतके महाग होते की सामाईक वापर अपरिहार्यच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसवलेला सीडीसी ३६०० हा संगणक देशातील अनेक संस्थांचे संशोधक वापरीत असत.

१९८० नंतर वैयक्तिक संगणक स्वस्त झाले आणि प्रवाह उलटला. प्रत्येक कार्यालयात संगणक आले, पुढे प्रत्येक मध्यम आकाराच्या कंपनीत ‘सर्व्हर रूम’ आली. वातानुकूलन, बॅटरी, बॅकअपच्या टेप आणि यंत्रे सांभाळणारा कर्मचारीवर्ग यांचा खर्च कंपनीनेच करायचा असे. शिवाय सर्वाधिक गर्दीच्या दिवसाला पुरेल इतकी क्षमता विकत घ्यावी लागे आणि ती उरलेले वर्षभर बहुतांशी रिकामी राही. मेघ संगणनाने नेमक्या या उणिवेवर उपाय दिला.

इतिहास

एका भौतिक यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचे तंत्र आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांसाठी विकसित केले होते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ते सामान्य, स्वस्त सर्व्हरवर आणले. १९९९ मध्ये सेल्सफोर्स या कंपनीने ग्राहकसंबंध व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर सीडीवर न विकता ब्राउझरमधून वर्गणीवर देण्यास सुरुवात केली.

आधुनिक मेघ संगणनाचा आरंभ साधारणतः ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या दोन सेवांपासून मानला जातो. मार्च २००६ मध्ये तिची ‘एस३’ ही साठवण सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये ‘ईसी२’ ही आभासी सर्व्हरची सेवा खुली झाली. गुगलने २००८ मध्ये ‘ॲप इंजिन’ सुरू केले. मायक्रोसॉफ्टची ‘ॲझ्युर’ ही सेवा २०१० मध्ये व्यावसायिक वापरासाठी उपलब्ध झाली. जागतिक बाजारपेठेचा निम्म्याहून अधिक वाटा या तीन कंपन्यांकडे आहे.

नेटफ्लिक्स या कंपनीचे स्थलांतर या काळातील ठळक उदाहरण समजले जाते. ऑगस्ट २००८ मध्ये तिच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये मोठा बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने आपली यंत्रणा टप्प्याटप्प्याने ॲमेझॉनच्या मेघावर नेली. हे काम जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागला. जुनी यंत्रणा आहे तशी उचलून नेण्याऐवजी तिची नव्याने मांडणी करावी लागते, हे या उदाहरणातून दिसून आले.

कार्यपद्धती

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली मेघ संगणनाची व्याख्या सर्वत्र आधारभूत मानली जाते. तिच्यात पाच लक्षणे सांगितली आहेत: ग्राहकाला स्वतःच हवी ती साधने मिळवता येणे, जाळ्यावरून सर्वत्र उपलब्धता, साधनांचा सामाईक साठा, गरजेनुसार झपाट्याने वाढवता-घटवता येणारी क्षमता आणि मोजून आकारणी. एखादी कंपनी दुसऱ्याच्या इमारतीत आपला सर्व्हर कायमचा ठेवत असेल, तर या व्याख्येनुसार तेवढ्यावरून ते मेघ संगणन ठरत नाही.

याच व्याख्येत सेवेचे तीन प्रकार दिले आहेत. पहिल्या प्रकारात पुरवठादार केवळ आभासी सर्व्हर, साठवण आणि जाळे देतो, बाकी सर्व ग्राहक सांभाळतो. दुसऱ्यात सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी लागणारा मंच मिळतो आणि ग्राहक फक्त आपली आज्ञावली लिहितो. तिसऱ्यात तयार सॉफ्टवेअरच वर्गणीवर मिळते. कार्यालयीन ई-मेल, हिशेबाची आणि पगारपत्रकाची सॉफ्टवेअर ही तिसऱ्या प्रकाराची नेहमीची उदाहरणे होत.

उभारणीच्या दृष्टीने सार्वजनिक, खासगी, समूहनिहाय आणि मिश्र असे चार प्रकार मानले जातात. सार्वजनिक मेघात अनेक ग्राहक एकाच पायाभूत यंत्रणेवर असतात, खासगी मेघ एकाच संस्थेसाठी असतो, तर समान गरजा असलेल्या संस्थांचा गट समूहनिहाय मेघ वापरतो. मिश्र मेघात यांपैकी दोन किंवा अधिक प्रकार जोडलेले असतात. संवेदनशील नोंदी स्वतःकडे आणि ग्राहकांसमोरचे संकेतस्थळ सार्वजनिक मेघावर, अशी विभागणी अनेक मोठ्या संस्था करतात.

सुरक्षेची जबाबदारीही विभागलेली असते. इमारत, यंत्रे आणि आभासीकरणाची यंत्रणा यांची सुरक्षा पुरवठादार पाहतो. पासवर्ड, प्रवेशाचे अधिकार आणि साठवलेल्या माहितीची मांडणी यांची जबाबदारी मात्र ग्राहकाकडेच राहते. ग्राहकाने साठवणीची जागा चुकून सर्वांसाठी खुली ठेवणे, हे माहिती फुटण्याचे नेहमी आढळणारे कारण आहे.

वेगवान जाळ्यांची भूमिका

मेघ संगणनाची उपयुक्तता जाळ्याच्या दोन गुणांवर अवलंबून असते. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते, ही त्याची वहनक्षमता. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत येण्यास किती वेळ लागतो, हा त्याचा विलंबकाल. वहनक्षमतेला रस्त्याच्या रुंदीची उपमा दिली, तर विलंबकाल ठरण्यात गावाचे अंतर महत्त्वाचे ठरते. रस्ता रुंद केल्याने गाव जवळ येत नाही.

वहनक्षमतेचा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. एक टेराबाइट माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पाठवण्यास नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. सेकंदाला १ गिगाबिट वेग असल्यास तेच काम सुमारे सव्वादोन तासांत होते. पहिल्या परिस्थितीत रोजचा बॅकअप मेघावर ठेवणे अशक्य असते, तर दुसऱ्या परिस्थितीत ते रात्रीच्या कामाचा भाग बनते.

विलंबकालाला निसर्गाची मर्यादा आहे. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतील व्हर्जिनिया हे सरळ अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर आहे. म्हणजे तेथील सर्व्हरला प्रश्न विचारून उत्तर मिळण्यास किमान १३० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्ष केबलचा मार्ग लांबचा असल्याने हा काळ आणखी वाढतो. मुंबई ते पुणे हाच हिशेब केवळ एक-दोन मिलिसेकंदांचा होतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील एक नोंद पूर्ण होण्यासाठी अशा २० फेऱ्या लागत असतील, तर व्हर्जिनियातील सर्व्हरवर ती नोंद करताना अडीच सेकंदांहून अधिक वाट पाहावी लागेल, तर पुण्यातील सर्व्हरवर हा विलंब जाणवणारही नाही. पुरवठादारांनी ग्राहकांच्या देशात डेटा सेंटरे उभारण्यामागील हे एक प्रमुख कारण आहे.

एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी बहुतांश माहिती समुद्रतळावरील केबलमधून जाते. मुंबई आणि चेन्नई ही भारतातील या केबलची प्रमुख उतरण्याची ठिकाणे आहेत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या. त्यामुळे भारतासह पश्चिम आशियातील इंटरनेट सेवा मोठ्या प्रमाणात खंडित झाली आणि परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या भारतीय कंपन्यांना वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवावी लागली. त्यानंतर वेगवेगळ्या मार्गांनी जाणाऱ्या जोडण्या बाळगण्यावर अधिक भर दिला जाऊ लागला.

मोठ्या संस्था सार्वजनिक इंटरनेटवर विसंबून न राहता डेटा सेंटरपर्यंत स्वतंत्र भाड्याची जोडणी घेतात. अनेक शाखा असलेल्या संस्थांत पूर्वी प्रत्येक शाखेची वाहतूक मुख्यालयातून जात असे. सॉफ्टवेअर मेघावर गेल्यावर हा वळसा निरर्थक ठरला आणि शाखेतून थेट मेघाकडे जाणाऱ्या, सॉफ्टवेअरने नियंत्रित होणाऱ्या जोडण्या रूढ झाल्या.

भ्रमणध्वनीच्या पाचव्या पिढीच्या, म्हणजे ५जी तंत्रज्ञानामुळे बिनतारी जोडणीचा विलंबकाल कमी झाला आणि एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या कामांसाठी आभासी विभाग पाडणे शक्य झाले. कारखान्यातील यंत्रमानव किंवा चालत्या पट्ट्यावरील मालाची कॅमेऱ्याने होणारी तपासणी यांना दूरच्या डेटा सेंटरचा विलंब परवडत नाही. अशा ठिकाणी तातडीची प्रक्रिया कारखान्याच्या आवारातच केली जाते आणि सारांश तेवढा मेघाकडे पाठवला जातो. या पद्धतीला ‘एज कम्प्युटिंग’ म्हणतात.

व्यवसायावरील परिणाम

खर्चाचे स्वरूप: यंत्रखरेदीचा एकरकमी भांडवली खर्च मासिक चालू खर्चात बदलतो. एक सर्व्हर १,००० तास चालवणे आणि १,००० सर्व्हर एक तास चालवणे यांचे भाडे जवळपास सारखेच असते. त्यामुळे पूर्वी आठवडे लागणारी आकडेमोड काही तासांत करणे लहान कंपन्यांनाही शक्य झाले. मात्र वापरात नसलेले सर्व्हर बंद करायचे राहून गेले, तर त्यांचे देयक चालूच राहते. या खर्चावर लक्ष ठेवणे हे आता स्वतंत्र कामच झाले आहे.

गर्दी पेलण्याची क्षमता: मुंबईस्थित हॉटस्टार या सेवेवर १९ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षकांनी पाहिल्याची नोंद झाली. इतकी क्षमता केवळ काही तासांसाठी विकत घेणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नसते. भाड्याने घेतलेली क्षमता सामन्यानंतर परत करता येते.

लहान उद्योग: भारतात वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. विवरणपत्रे ऑनलाइन भरणे आवश्यक झाल्याने अनेक लहान व्यापाऱ्यांना प्रथमच नियमित संगणकीय हिशेब ठेवावा लागला. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे देयकांच्या नोंदीही आपोआप मिळू लागल्या. अशा व्यवसायांना सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस ठेवण्यापेक्षा मासिक वर्गणीचे सॉफ्टवेअर सोयीचे पडते.

कामाचे स्वरूप: यंत्रांची जोडणी, केबल आणि बॅकअप यांवर बेतलेली अनेक कामे कमी झाली. त्यांच्या जागी मेघाची रचना, सुरक्षा आणि खर्चनियोजन यांची कौशल्ये लागू लागली. २०२० मधील टाळेबंदीत घरून काम करणे ज्या कार्यालयांना तुलनेने सुकर गेले, त्यांच्यापैकी अनेकांची कागदपत्रे आणि सॉफ्टवेअर आधीच मेघावर होती.

कृत्रिम बुद्धिमत्ता: मोठ्या भाषिक प्रतिमानांना लागणारे विशेष प्रक्रियक अतिशय महाग असल्याने बहुतांश व्यवसाय ती क्षमता मेघावरूनच घेतात. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेस मान्यता दिली. अशी सामाईक संगणकीय क्षमता उपलब्ध करून देणे हा तिचा एक प्रमुख भाग आहे.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या ४जी सेवेनंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा आरंभ झाला.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून मेघ सेवा देण्यास प्रारंभ केला. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबई विभाग सुरू केला. समुद्री केबल, तुलनेने भरवशाचा वीजपुरवठा आणि रिझर्व्ह बँक, शेअर बाजार, राष्ट्रीय देयक महामंडळ यांसारख्या वित्तीय संस्थांचे सान्निध्य यांमुळे मुंबई महानगर प्रदेश हे देशातील डेटा सेंटरचे सर्वांत मोठे केंद्र बनले आहे. नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे आणि महापे या औद्योगिक पट्ट्यात, तसेच पनवेल परिसरात अनेक डेटा सेंटरे आहेत.

केंद्र शासनाने ‘मेघराज’ हा शासकीय मेघ उपक्रम हाती घेतला आणि त्याअंतर्गत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघ धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे ते देशातील पहिले राज्य होते.

नियमनाच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचा ६ एप्रिल २०१८ चा आदेश महत्त्वाचा ठरला. त्यानुसार देयक व्यवहारांची संपूर्ण माहिती भारतातच साठवणे बंधनकारक झाले. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवण्याचा नियम केला. माहिती तंत्रज्ञानाची कामे बाहेर देताना बँकांनी पाळावयाच्या अटी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये निश्चित केल्या. मेघ सेवांचाही त्यांत समावेश आहे. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, हे त्यांतील मूळ सूत्र आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकेने वित्तीय क्षेत्रासाठी स्वतंत्र मेघ सुविधा उभारण्याची घोषणा केली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला.

जोखीम आणि वाद

सेवाखंड: पुरवठादार करारात उपलब्धतेची टक्केवारी नमूद करतात. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहण्यास वाव. ९९.९९ टक्के असल्यास हाच काळ सुमारे ५३ मिनिटांवर येतो. कराराचा भंग झाल्यास बहुधा देयकात सूट मिळते, धंद्याचे नुकसान मात्र भरून मिळत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने दुरुस्तीच्या वेळी आज्ञा चुकीची टंकल्याने अपेक्षेहून अधिक सर्व्हर बंद पडले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर आगीत नष्ट झाले. ज्या ग्राहकांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली.

एका पुरवठादारावर विसंबणे: मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील खासगी मेघाची वर्गणी मांडणीतील चुकीमुळे पुसली गेली. त्याच्या प्रती दोन भौगोलिक ठिकाणी होत्या, परंतु त्या एकाच वर्गणीखाली असल्याने दोन्ही गेल्या. सहा लाखांहून अधिक सभासदांना अनेक दिवस आपली खाती पाहता आली नाहीत. निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडे स्वतंत्र प्रत ठेवली होती. यंत्रणा पूर्ववत करण्यात ती उपयोगी पडली.

भारतातही असा अनुभव आला. जुलै २०२४ अखेर सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिची जोडणी तात्पुरती तोडली. त्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक त्या काळात देयक व्यवहारांपासून वंचित राहिले. एकेकट्या बँकेला न परवडणारी यंत्रणा सामाईक सेवेमुळे मिळते, परंतु त्या सेवेवरील आघात सर्वांना एकाच वेळी बसतो.

परकीय कायद्याची छाया: जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. या भारतीय कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा स्थगित केल्या आणि कंपनीला आपल्याच ई-मेल व माहितीपर्यंत पोहोचता येईना. सेवांचे शुल्क भरलेले असूनही ही कारवाई झाल्याचे सांगत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाली. ज्या निर्बंधांचा भारतीय कायद्याशी संबंध नव्हता, त्यांच्यामुळे भारतात काम करणाऱ्या कंपनीचे कामकाज अडल्याने माहितीच्या सार्वभौमत्वाची चर्चा देशात तीव्र झाली. माहिती भारतातील इमारतीत साठवणे आणि तिच्यावर भारतीय नियंत्रण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या चर्चेतील मुख्य मुद्दा होता.

बाहेर पडण्यातील अडचण: माहिती मेघावर नेणे सहसा विनामूल्य असते, बाहेर काढताना मात्र अनेकदा शुल्क पडते. शिवाय एका पुरवठादाराच्या खास सेवांवर बेतलेले सॉफ्टवेअर दुसरीकडे चालवण्यासाठी पुन्हा लिहावे लागते. युरोपीय संघाचा डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार पुरवठादार बदलण्यासाठीचे शुल्क जानेवारी २०२७ पासून आकारता येणार नाही.

पर्यावरण: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. हे प्रमाण जगाच्या एकूण वीजवापराच्या सुमारे दीड टक्का होते. विखुरलेल्या सर्व्हर रूमपेक्षा मोठी डेटा सेंटरे प्रत्येक कामामागे कमी वीज खर्च करतात. परंतु एकूण मागणीच वाढत असल्याने, आणि शीतकरणासाठी अनेक ठिकाणी पाणीही लागत असल्याने, स्थानिक पातळीवर त्यांचा भार जाणवतो.

मिश्र वापर आणि परतीचा प्रवाह

सर्व काही मेघावर नेण्याचा आरंभीचा उत्साह पुढे काहीसा ओसरला. ड्रॉपबॉक्स या साठवण सेवेने २०१६ पर्यंत आपल्या ग्राहकांची बहुतांश माहिती ॲमेझॉनच्या मेघावरून स्वतःच्या यंत्रांवर हलवली आणि त्यातून मोठी बचत झाल्याचे नंतर जाहीर केले. ज्यांचा वापर मोठा आणि वर्षभर स्थिर असतो, त्यांना स्वतःची यंत्रे स्वस्त पडू शकतात. वापर अनियमित असलेल्यांना किंवा आरंभीचे भांडवल कमी असलेल्यांना भाडे परवडते. त्यामुळे अनेक मोठ्या संस्था दोन्हींचा मेळ घालतात.

व्यवसायांसाठी तज्ज्ञ सर्वसाधारणपणे पुढील खबरदारी सुचवतात: महत्त्वाच्या माहितीची एक प्रत वेगळ्या पुरवठादाराकडे किंवा स्वतःजवळ ठेवणे, ती प्रत प्रत्यक्ष वापरून यंत्रणा उभी राहते का हे ठरावीक काळाने तपासणे, सांकेतिक कुलपांच्या चाव्या शक्यतो स्वतःच्या ताब्यात ठेवणे, किमान दोन वेगळ्या मार्गांनी इंटरनेट जोडणी घेणे आणि करार करतानाच तो संपवून माहिती परत नेण्याच्या अटी लेखी ठरवणे.

हेही पाहा

आभासीकरण
डेटा सेंटर
प्रकाशतंतू
५जी
सायबर सुरक्षा